इसार देण्यापूर्वी प्लॉटचा हिशेब कसा मांडावा

दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचे आणि त्यानंतर कापसाचे पैसे हाती आले की, तालुक्याच्या गावी एखादा प्लॉट घेऊन ठेवावा, हा विचार विदर्भातील अनेक शेतकरी आणि नोकरदार घरांत सुरू होतो. भाव किती वाढेल हे सगळेच विचारतात. परंतु ज्याची गुंतवणूक लहान आहे त्याने त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: हा पैसा किती वर्षे अडकून राहिला तरी घर चालेल, आणि पुढे तोच प्लॉट दुसऱ्याच्या नावे विनाअडथळा करून देता येईल काय.

पहिला हिशेब कागदावर मांडावा. समजा, १,५०० चौरस फुटांचा प्लॉट ६०० रुपये दराने ९ लाखांना ठरला. मुद्रांक शुल्काचा दर ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका हद्दीत वेगवेगळा असतो. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३०,००० रुपये, आणि त्यावर वकील व अर्जनवीस यांचा खर्च येतो. हा सारा खर्च अंदाजे ५०,००० धरला तर प्लॉट साडेनऊ लाखांना पडला. हीच रक्कम ७ टक्के वार्षिक चक्रवाढीने पाच वर्षे मुदत ठेवीत ठेवली असती तर तिचे सुमारे १३ लाख ३२ हजार झाले असते. म्हणजे पाच वर्षांनी ८९० रुपयांच्या आसपास दर मिळाला, तरी आपण केवळ ठेवीच्या बरोबरीला आलो. समृद्धी महामार्ग जवळून जातो म्हणून भाव दुप्पट होईल, असे सांगणाऱ्याला गेल्या वर्षभरातील प्रत्यक्ष नोंदलेल्या खरेदीखतांचे दर विचारावेत.

कर्ज काढणार असाल तर हप्त्याचा मेळ घरच्या आवकीशी घालावा. १० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १०,१४३ रुपये येतो आणि तो जून-जुलैतही भरावा लागतो, जेव्हा बियाणे-खतांत सगळे पैसे गेलेले असतात. म्हणून किमान सहा हप्त्यांची रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय कर्जाच्या अर्जावर सही करू नये. पीक कर्जाचा पैसा तर प्लॉटमध्ये मुळीच घालू नये. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडल्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज पडत नाही. तो पैसा जमिनीत अडकून मुदत चुकली की ही सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचे कर्जही अडचणीत येते.

कागदपत्रांचा प्रश्नही शेवटी पैशाचाच असतो, कारण कागद सदोष असेल तर बँक कर्ज देत नाही आणि पुढचा गिऱ्हाईकही मिळत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ (म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिले आहे काय, इतर हक्कांत बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे काय, हे पाहावे. भूदानात मिळालेल्या आणि आदिवासी खातेदाराच्या जमिनीच्या हस्तांतरणावर कायद्याची बंधने आहेत. शहरात नझूल, म्हणजे शासनाने भाडेपट्ट्याने दिलेला भूखंड असेल तर पट्ट्याची मुदत व थकलेले भूभाडे विचारावे. विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कुळकायदा लागू असल्याने, शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ‘पुढे एनए (म्हणजे अकृषक) होईल’ या शब्दावर वावरातला तुकडा घेणे मला सर्वांत घातक वाटते. अकृषक आदेश, मंजूर नकाशा आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या लेआऊटला सामान्यतः लागणारा महारेरा (राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) क्रमांक दाखवल्यावरच इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) द्यावा, आणि कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत मिळेल, ही अट इसारपत्रात लिहून घ्यावी.

रोखीचा आग्रह धरला गेला तर ठामपणे नकार द्यावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणाऱ्यास तेवढाच दंड होऊ शकतो, आणि रोख दिलेल्या पैशाचा पुरावा खरेदीदाराकडे उरत नाही. खरेदीखतात किंमत कमी दाखवण्यातही खरेदीदाराचेच नुकसान असते. ९ लाखांच्या व्यवहारात शासकीय मूल्य (मुद्रांक शुल्कासाठी शासनाने ठरवलेली किंमत) साडेदहा लाख निघाले, तर मुद्रांक शुल्क साडेदहा लाखांवर लागतेच, शिवाय फरकाचे दीड लाख खरेदीदाराचे उत्पन्न म्हणून करपात्र ठरतात.

विकताना प्लॉट २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेला असेल तर नफ्यावर १२.५ टक्के दीर्घकालीन भांडवली नफा कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीसाठी व्यक्तीला खरेदी किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून उरलेल्या नफ्यावर २० टक्के कर भरण्याचा पर्यायही आहे. शेतजमिनीचे वेगळे आहे. आर्वी, दारव्हा यांसारख्या, दहा हजार ते एक लाख लोकवस्तीच्या नगरपरिषदेच्या हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या पलीकडील शेतजमीन भांडवली मालमत्ता मानली जात नाही. तिच्यावर हा कर नाही. खरेदीखर्चात मुद्रांक व नोंदणी शुल्क धरता येत असल्याने इसारपत्र, चलने आणि कुंपणाच्या पावत्या खरेदीच्या दिवसापासून एकाच फायलीत लावून ठेवाव्यात.