नसांच्या दुखण्याची गोळी आणि कानातला आवाज: या चुका टाळा

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कानात शिट्टी, गुंई किंवा रातकिड्यांसारखा आवाज येतो म्हणून येणाऱ्या माणसांची श्रवणचाचणी करणं हे माझं रोजचं काम. त्यातले बरेच जण नागीण, मधुमेह किंवा मणक्याच्या त्रासाने नसा दुखतात म्हणून गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन या गोळ्या घेत असतात. प्रश्न दोनच असतात. "या गोळीने आवाज जाईल का?" किंवा "या गोळीनेच आवाज वाढला का?" उत्तर शोधताना होणाऱ्या चुकाही ठरलेल्या असतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे आवाज वाढला असं वाटताच गोळी एका दिवसात बंद करणं.

नागिणीनंतर बरगडीखाली आग होते म्हणून एक निवृत्त शिक्षक गॅबापेंटिन घेत होते, ३०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. उजव्या कानात बारीक शिट्टी आधीपासूनच होती. दुसऱ्या आठवड्यात ती चढली. कुणीतरी सांगितलं की गोळीनेच झालं, आणि त्यांनी त्याच रात्री गोळी सोडली. पुढच्या दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, अंगाला दरदरून घाम, छातीत धडधड, आणि शिट्टीचा अक्षरशः कर्कश भोंगा झाला. "गोळीने माझा कान कायमचा गेला" असं म्हणतच ते माझ्यासमोर बसले. सोबत वर्षभरापूर्वीची ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, होती. नवी करून दोन्ही आलेख शेजारी ठेवले, तर रेषेवर रेष बसली. ऐकणं तसूभरही कमी झालेलं नव्हतं.

मग मी खोदून विचारलं. आग सहन होईना म्हणून त्याच आठवड्यात ते स्वतःच्या मनाने ॲस्पिरिनच्या गोळ्या घेत होते, दिवसाला सात-आठ. ॲस्पिरिन जास्त झालं की कान वाजतात, हे जुनं आणि पक्कं ज्ञान आहे. शिवाय झोप गेलेली आणि दुखणं भडकलेलं. एका आठवड्यात तीन गोष्टी बदलल्यावर दोष कोणाचा, हे कोणी कसं सांगणार? डॉक्टरांनी ॲस्पिरिन थांबवलं, गॅबापेंटिन पुन्हा सुरू करून पुढे हळूहळू उतरवलं. महिनाभरात शिट्टी जुन्या पातळीवर आली. नेमकं कशामुळे वाढली होती, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते कळण्याची संधी त्या एका रात्रीत गेली होती.

गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन दोन्ही टप्प्याटप्प्यानेच उतरवायची असतात, निदान आठवडाभर तरी घेऊन. डोस मोठा किंवा जुना असेल तर आणखी सावकाश. एकदम सोडलं की घाम, घबराट आणि निद्रानाश होऊ शकतो. फिट्सचा आजार असलेल्यांना तर झटके येण्याचा धोका असतो. अशा घाबऱ्या, जाग्या रात्री कानातला आवाज मोठाच वाटणार. संशय आला तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. तेवढा धीर धरायलाच हवा.

दुसरी चूक याच्या उलट: नसांचं दुखणं नाही, तरी फक्त कानातल्या आवाजासाठी ही गोळी मिळवणं. ओळखीच्या कुणाला गुण आला, एवढाच आधार असतो. यामागचा तर्क मी शेकडो वेळा ऐकलाय: कान वाजणं म्हणजे मेंदूतल्या पेशींची जास्तीची खळबळ, गोळी खळबळ शांत करते, म्हणजे आवाज जाणार. तर्क सरळ आहे, पण तपासणीत टिकला नाही. २००७ साली गॅबापेंटिन आणि नुसती दिखाऊ गोळी यांची तुलना झाली. दोन्ही गटांचा त्रास जवळपास सारखाच कमी झाला, शंभराच्या मोजपट्टीवर सुमारे ११ गुणांनी. म्हणजे सुधारणा झाली, पण ती औषधाची नव्हती. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं की त्रासदायक टिनिटससाठी, म्हणजे कानातल्या आवाजासाठी, फिट्सविरोधी औषधं सरसकट देऊ नयेत. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन त्याच वर्गात येतात.

मग गुण आला म्हणणारे खोटं बोलतात का? अजिबात नाही. गोळीने गुंगी येते, दुखणं कमी होतं, झोप लागते, आणि झोपलेल्या माणसाला शिट्टी छळत नाही. पण ती झोपेची सोय झाली, आवाजावरचा इलाज नव्हे. त्यासाठी चक्कर, गुंगी आणि तोल जाण्याची जोखीम पत्करणं मला पटत नाही. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र, आणि आवाजाने जगणं अडलं असेल तर सीबीटी नावाची मानसोपचार पद्धत, या दोन्हींची शिफारस त्याच अकादमीने केली आहे. या वाटेला वेळ लागतो, म्हणूनच उतावळी माणसं ती सोडून गोळीमागे लागतात.

एक अपवाद सांगायलाच हवा. एकाच कानात टाइपरायटरसारखी थांबून थांबून टकटक येत असेल, तर श्रवणाच्या नसेवर रक्तवाहिनी टेकलेली असू शकते, आणि तिथे कार्बामाझेपिन हे फिट्सविरोधी औषध खरोखर काम करतं. पण ते ठरवायचं कान-नाक-घसा तज्ज्ञाने.

गोळीने आवाज वाढूच शकत नाही, असं मी म्हणत नाही. नसांच्या दुखण्यावर ड्युलोक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिनही देतात. ड्युलोक्सेटिनच्या ज्ञात दुष्परिणामांत टिनिटस चांगल्यापैकी आढळतो, अमिट्रिप्टिलिनच्याही यादीत तो आहे. गॅबापेंटिनच्या यादीतही आहे, फक्त किती जणांना होतो याचा आकडा नाही. प्रीगॅबालिनने काहींना साधे आवाजही टोचू लागतात. म्हणून माझी सवय अशी: नवी गोळी सुरू होण्याआधी आठवडाभर वहीत रोज एकाच वेळी आवाजाला ० ते १० मध्ये गुण द्यायला लावते. शेजारी झोपेचे तास, दुखण्याचे गुण आणि त्या दिवशी घेतलेली प्रत्येक गोळी. आधीचा आठवडा नसेल तर नंतरच्या आकड्यांना काही किंमत नाही.

गुण देताना शांत खोलीत कान टवकारून बसू नका. तिथे आवाज मोठा वाटणारच.

ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेलं ॲसिडिटीचं औषध आणि गॅबापेंटिन एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. नाहीतर गोळी पुरती शोषली जात नाही.

मूत्रपिंड कमजोर असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, डोस त्यावर ठरतो.

दारू किंवा अफूवर्गातल्या वेदनाशामकांसोबत या गोळ्या घेऊ नका. श्वास मंदावतो.

कानात मळ आहे का, हे आधी पाहून घ्या. गोळीवर ढकललेला दोष कितीदा मळाचा निघालाय!

आणि गोळीच्या वादात हे दुर्लक्षू नका: आवाज फक्त एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल. पहिल्या दोन्हींत तपासणी लांबवू नका. तिसऱ्यात तर वहीही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा; त्यावरच्या स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातही जितकं लवकर तितका जास्त होतो.