एआयकडून तांत्रिक डॉक्युमेंटेशन लिहून घेताय? या चुका टाळा

आमच्या एका अपग्रेड गाइडमध्ये पूर्वी या ओळी होत्या: "बॅकअप सुरू झाला की थांबा. 'बॅकअप पूर्ण' असा संदेश येईपर्यंत मायग्रेशनची कमांड देऊ नका. दहा-पंधरा मिनिटं स्क्रीनवर काहीच हलत नाही, तरी विंडो बंद करू नका."

गाइड फार लांबलंय म्हणून मी ते एआयला दिलं आणि सांगितलं, भाषा सुटसुटीत कर. परत आलं ते असं: "डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि त्यानंतर मायग्रेशन कमांड चालवा."

वाचायला छान. व्याकरण चोख. मी मान्य केलं, रिव्ह्यू करणाऱ्यानेही केलं. तीन आठवड्यांनी एका ग्राहकाच्या प्लांटमध्ये रात्रपाळीच्या इंजिनिअरने हे गाइड उघडून अपग्रेड सुरू केलं. स्क्रीन हलेना, म्हणून त्याने विंडो बंद केली आणि पुढची कमांड दिली. मायग्रेशन, म्हणजे डेटा नव्या रचनेत नेण्याचं काम, मध्येच अडकलं, बॅकअप अर्धवट निघाला. आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून सगळं परत उभं करावं लागलं आणि मधल्या दिवसाच्या नोंदी गोडाउनमधल्या दोघांनी चलनाचे कागद समोर ठेवून हाताने भरल्या. त्या इंजिनिअरची काहीच चूक नव्हती. त्याने गाइडमध्ये लिहिलं होतं तेच केलं.

मी आजही रोज एआय वापरतो आणि ते सोडायचा विचार नाही. पण सूचनेचं प्रत्येक पान म्हणजे "हे मी करून पाहिलंय, तुम्हीही करा" असा शब्द असतो. एआयने काहीच करून पाहिलेलं नसतं, त्यामुळे हा शब्द त्याच्या वतीने कोणीतरी माणसानेच द्यावा लागतो. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

भाषा सुधारायला दिली आणि इशारे गळाले

वरचा प्रसंग याच चुकीचा, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत धोक्याची. खोटी माहिती निदान पकडता तरी येते, गळालेली माहिती दिसतच नाही. जुन्या डॉक्युमेंटमधली ओबडधोबड, पुन्हापुन्हा तेच बजावणारी वाक्यं बहुधा कोणीतरी पोळल्यावर लिहिलेली असतात. एआयला ती पाल्हाळ वाटतात.

इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी यावर फार पूर्वी उपाय केला. मार्च १९९७ मधल्या आरएफसी २११९ या नियमपत्रात 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' या शब्दांचे अर्थ बांधून दिले आहेत: पहिलं बंधनकारक, दुसरं सबळ कारण असेल तरच टाळता येणारं, तिसरं ऐच्छिक. एआयकडून पुनर्लेखन करून घेतलं की हे शब्द एकमेकांच्या जागी सहज सरकतात. मराठीतही तसंच. "देऊ नका"चं "देणं टाळावं" होतं आणि "टाळावं"चं पुढच्या फेरीत काहीच उरत नाही.

आता आम्ही काय करतो? इशाऱ्याच्या ओळी वेगळ्या खुणेत ठेवतो आणि एआयला स्पष्ट सांगतो की या ओळींना हात लावायचा नाही. मसुदा परत आला की आधी आणि नंतर किती इशारे आहेत ते मोजतो. आकडा कमी झाला तर मसुदा तिथेच थांबतो. दोन मिनिटांचं काम आहे.

फक्त विषय दिला, मजकूर दिलाच नाही

"या फीचरचं डॉक्युमेंटेशन लिही" एवढंच सांगितलं की एआय गाळलेल्या जागा अंदाजाने भरतो. नसलेले फ्लॅग (कमांडला जोडायचे पर्याय), नसलेल्या सेटिंग, नसलेली पॅकेजेस (इन्स्टॉल करायचे तयार कोडचे संच) तो खऱ्यासारखीच लिहितो, आणि नावं इतकी पटण्यासारखी असतात की शंका येत नाही.

याचं एक नोंदलेलं उदाहरण डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. भाषा मॉडेलं वारंवार 'हगिंगफेस-सीएलआय' नावाचं पायथन पॅकेज इन्स्टॉल करायला सांगत होती. त्या नावाचं पॅकेजच नव्हतं. ती कमांड खरं तर 'हगिंगफेस हब' या पॅकेजबरोबर मिळायची. एका सुरक्षा संशोधकाने त्या नावाचं रिकामं पॅकेज मुद्दाम चढवून ठेवलं. तीन महिन्यांत ते ३०,००० हून जास्त वेळा उतरवलं गेलं, आणि एका मोठ्या टेक कंपनीच्या रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये) इन्स्टॉल करायची सूचना म्हणून ते नाव छापलेलंही सापडलं. पॅकेज रिकामं होतं म्हणून निभावलं. ते नाव एखाद्या चोराने आधी घेतलं असतं तर?

उपाय साधा आहे. एआयला मूळ कोड द्या, कमांडच्या हेल्पचा पूर्ण आउटपुट द्या, कॉन्फिगरेशनची फाइल द्या. सोबत ही सूचना द्या: "दिलेल्या मजकुरात नसेल तिथे 'विचारून घ्या' असं लिही." असा 'विचारून घ्या' सात ठिकाणी आलेला मसुदा मला एकसंध मसुद्यापेक्षा जास्त आवडतो. त्या सात जागा घेऊन डेव्हलपरकडे जाता येतं.

आवृत्ती सांगितली नाही

लक्षण: वाचक कळवतो की कमांड सापडत नाही, किंवा फाइल लावताना एरर येतो. लिहिलेलं चूक नसतं, शिळं असतं. एआय ज्या मजकुरावर शिकला त्यात गेल्या दहा वर्षांच्या सूचना आहेत आणि जुन्याच जास्त आहेत. डॉकर कंपोजचं उदाहरण घ्या. कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम चालवायचे वेगळे बंदिस्त कप्पे, एकत्र सुरू करणारं हे साधन. मध्ये जोडरेघ असलेली जुनी कमांड पहिल्या आवृत्तीची, आणि त्या आवृत्तीचे अपडेट जुलै २०२३ पासून बंद आहेत. आता मध्ये जागा सोडून लिहायचं. एकाच पानावर दोन्ही प्रकार आलेले मी पाहिलेत. असे अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसमध्ये इन्ग्रेसची (बाहेरची विनंती आत कुठे पाठवायची हे सांगणाऱ्या नियमांची) बीटा रूपं १.२२ या आवृत्तीत, म्हणजे ऑगस्ट २०२१ मध्ये काढून टाकली. नव्या रूपात 'पाथटाइप' लिहावाच लागतो, तो नसेल तर फाइल स्वीकारली जात नाही. पायथनमधलं पॅकेज बांधायचं जुनं साधन 'डिस्टयुटिल्स' ३.१२ मध्ये गेलं, तरी सेटअपच्या सूचनांत अजून डोकावतं.

आवृत्तीचा आकडा प्रॉम्प्टमध्ये लिहा आणि चेंजलॉग (आवृत्तीगणिक बदलांची नोंद) जोडा. एवढ्यावर मात्र विसंबू नका. पानावरच्या कमांड कोऱ्या कंटेनरमध्ये एकामागून एक चालवून बघणारी छोटी स्क्रिप्ट बिल्डमध्ये बसवा. पायथनच्या उदाहरणांसाठी ती चालवून तपासणारं डॉकटेस्ट भाषेसोबतच येतं, आणि तुटलेल्या लिंक शोधणारी साधनं फुकट मिळतात. मसुदा बरोबर आहे का हे त्याच एआयला विचारून चालणार नाही. तो मनापासून "हो" म्हणेल, जरा टोकलंत तर तितक्याच मनापासून "माफ करा, चुकलं" म्हणेल, आणि दोन्ही वेळा कमांड कोणीच चालवलेली नसेल.

एका ओळीसाठी अख्खं पान नव्याने लिहून घेतलं

पोर्टचा एक आकडा बदलायचा होता. एआयने पूर्ण पान परत दिलं आणि पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल मंजुरीला पाठवतात तिथे, तीनशे ओळी लाल-हिरव्या झाल्या. शुक्रवारी संध्याकाळी त्या तीनशे ओळी कोण वाचणार? रिव्ह्यू करणारा आकडा बघतो आणि मान्य करतो. बाकीच्या २९९ ओळींत काय बदललं, ते वाचकाकडून कळतं. बदल लागेल तेवढाच मागा: "फक्त बदललेल्या ओळी दे, बाकीच्यांना हात लावू नकोस."

देखभालीसाठी एआयचा खरा उपयोग मला वेगळ्या ठिकाणी झाला. कोडमधला बदल आणि सगळ्या पानांची यादी देऊन मी विचारतो, "यामुळे कोणती पानं चुकीची ठरू शकतात?" दोनशे पानांतून तो आठ-दहा काढून देतो. त्यातली तीन-चार उगीचच असतात, पण एखादं असं निघतं जे मला कधीच आठवलं नसतं. शोधून द्यायला हा मदतनीस फार चांगला आहे.

जुनी पानं तशीच ठेवून वर चॅटबॉट बसवला

दोन पानांत दोन वेगळी उत्तरं असली की चॅटबॉट त्यातलं एक उचलतो, किंवा दोन्ही मिसळून तिसरंच सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या लवादाने एअर कॅनडाला एका प्रवाशाची भरपाई करायला लावली. कुटुंबात मृत्यू झाल्यावर मिळणाऱ्या सवलतीसाठी प्रवासानंतरही अर्ज करता येईल, असं चॅटबॉटने त्याला सांगितलं होतं. कंपनीच्याच संकेतस्थळावरच्या पानावर मात्र उलट लिहिलं होतं. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, हा बचाव लवादाने मानला नाही. तेव्हा चॅटबॉट बसवण्याआधी जुनी पानं काढून टाका. "असू दे, कोणाला तरी लागेल" म्हणून ठेवलेलं पान आता माणसाऐवजी मशीन वाचतं, आणि ते वरची तारीख बघेलच असं नाही.

मराठीत भाषांतर करून घेतलं, शब्दसूची न देता

शेतीपंपाच्या स्टार्टरचं माहितीपत्रक घ्या. 'ड्राय रन' म्हणजे विहिरीतलं पाणी संपलं तरी मोटर चालू राहणं. याची एआयने 'कोरडी धाव' केलेली मी वाचली आहे. 'ट्रिप' झाली 'सहल', 'फेज' झाला 'टप्पा'. शेतकरी फेज गेला म्हणतो, मोटर ट्रिप झाली म्हणतो. सॉफ्टवेअरमध्ये 'पोर्ट'चं 'बंदर' आणि 'होस्ट'चा 'यजमान' होतो. चाळीस-पन्नास शब्दांची सूची करा आणि दर वेळी सोबत द्या. शब्द कोणाचे घ्यायचे? वायरमनचे, दुकानदाराचे, पंप दुरुस्त करणाऱ्याचे. मग छापण्याआधी अशाच एखाद्याला ते मोठ्याने वाचायला सांगा. तो जिथे अडखळेल, तिथे शब्द बदला.

लॉग जसाच्या तसा चिकटवला

लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम स्वतः लिहून ठेवतो त्या नोंदींत, पासवर्ड, टोकन, ग्राहकाचे पत्ते असू शकतात. एआयला देण्याआधी ते काढा. उदाहरणात आयपी पत्ता हवा असेल तर १९२.०.२.० पासूनचे २५६ पत्ते डॉक्युमेंटेशनसाठीच राखून ठेवलेले आहेत. ते वापरा.

त्या फसलेल्या अपग्रेडच्या रात्रीनंतर आमच्या प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ असते: शेवटचं करून पाहिलं त्याची तारीख, आवृत्ती आणि करणाऱ्याचं नाव. ती ओळ एआयने भरायची नाही. टीममध्ये नवीन कोणी आलं की पहिल्या आठवड्यात त्याला कोरा लॅपटॉप आणि एक पान देतो आणि शेजारी गप्प बसतो. गेल्या महिन्यात आलेली मुलगी तिसऱ्या पायरीवर थांबली आणि म्हणाली, "सर, ही फाइल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची, ते कुठेच लिहिलेलं नाहीये." त्या पानावर तोवर चार जणांचे रिव्ह्यू झाले होते.