बिल्ड कंटेनरमधला पीआयडी १ : रेंगाळणारे बिल्ड असे सुटले

बिल्ड रद्द केल्यावर डॉकर (कंटेनर चालवणारे साधन) १० सेकंद थांबून सिगकिल, म्हणजे जबरदस्तीने बंद करणारा सिग्नल, देत होता, आणि आत ‘डिफंक्ट’ किंवा झोंबी, म्हणजे संपलेल्या पण न आवरलेल्या, प्रोसेस साचत होत्या. बिल्ड स्क्रिप्टच पीआयडी १, म्हणजे कंटेनरमधली पहिली प्रोसेस, होती. सिग्नल हाताळणारा कोड (हँडलर) नसेल तर पीआयडी १ वर सिगटर्मचा, म्हणजे ‘बंद हो’ या सिग्नलचा, परिणामच होत नाही. पीआयडी १ बॅश असेल तर ती निदान झोंबी गोळा करते, पण सिग्नल पुढे पाठवत नाही.

उपाय: ‘डॉकर रन’ला ‘--इनिट’. मग टिनी हा छोटा इनिट प्रोग्रॅम पीआयडी १ होतो, झोंबी आवरतो आणि सिग्नल पुढे पाठवतो. सिग्नल मात्र त्याच्या थेट चाइल्ड प्रोसेसलाच जातो. पूर्ण प्रोसेस ग्रुपला हवा तर टिनीला ‘-जी’ द्या.

डॉकरऐवजी नुसते ‘अनशेअर --पिड’ (प्रोसेसला वेगळी पीआयडी यादी देणारी लिनक्स कमांड) वापरत असाल तर ‘--फोर्क --माउंट-प्रॉक’ही हवेच. फोर्क विसरलात, तर पहिला चाइल्ड पीआयडी १ होतो आणि तो संपताच पुढचे फोर्क, म्हणजे नवी प्रोसेस सुरू करण्याचे प्रयत्न, ‘मेमरी मिळत नाही’ म्हणून फसतात. रॅम भरपूर असते. एरर निव्वळ दिशाभूल करणारी.