काउंटरवरील टेस्टरची निगा
नागपुरात सीताबर्डी किंवा धरमपेठेतील सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मे महिन्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, लिपस्टिकचे टेस्टर (ग्राहकांनी लावून पाहण्यासाठी ठेवलेले नमुने) दाराजवळच्या उन्हात न ठेवता आतल्या थंड बाजूस मांडावेत, कारण मऊ पडलेल्या लिपस्टिकवर धूळ लगेच चिकटते. प्रत्येक वापरानंतर वरचा थर टिश्यूने पुसून त्यावर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (जंतुनाशक द्रव) फवारावे आणि ते पूर्ण सुकू द्यावे. शुद्ध अल्कोहोल फार लवकर उडून जाते, म्हणून पाणी मिसळलेलेच अधिक परिणामकारक ठरते. मस्कारासाठी एकदाच वापरायचा ब्रश द्यावा आणि तो पुन्हा बाटलीत बुडवू देऊ नये. डोळ्यांचा संसर्ग सहज पसरतो, त्यामुळे ओळखीच्या ग्राहकालाही येथे सवलत नकोच. टेस्टर उघडल्याची तारीख तळाशी चिकटवावी. झाकणे व आरसा रोज पुसावा.