लाँचमधून मुंबईचा पूर्व किनारा कसा वाचावा

मुंबईचा पश्चिम किनारा हिंडण्याफिरण्याचा आहे आणि पूर्व किनारा राबण्याचा. शहराला लागणारे खनिज तेल, त्याच्या विजेचा मोठा भाग आणि परदेशी मालाचे कंटेनर ज्या वाटांनी येतात, त्या बहुतेक वाटा कुलाब्यापासून ट्रॉम्ब्यापर्यंतच्या आणि समोरच्या न्हावाशेवा-उरणच्या किनाऱ्याला येऊन मिळतात. जमिनीवरून मात्र हा किनारा दिसत नाही, कारण बंदराच्या भिंती, गोदामे, रुळ आणि संरक्षित आवारे त्याच्या आड उभी आहेत. तो पाण्यावरून दिसतो, आणि त्यासाठी खासगी नौका भाड्याने घेण्याची गरज नाही. भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोरा बंदराला जाणारी साधी प्रवासी लाँच या कामाला पुरेशी आहे, आणि अनेक फेऱ्यांनंतर माझे मत असे झाले आहे की तीच सर्वांत चांगली आहे, कारण ती सावकाश जाते.

तयारीची सुरुवात भरतीच्या वेळेपासून करावी. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासे मिळते. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीच्या अधिकृत तक्त्यातील मुंबईच्या (अपोलो बंदर) वेळा पाहून खात्री करून घ्यावी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती. उधाणात पाणी अधिक चढते आणि अधिक उतरतेही. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला मुंबईतील भरतीची पातळी साडेचार मीटरांच्याही वर जाते, म्हणजे एकाच धक्क्याचे रूप सहा तासांत दीड मजल्याने बदलते. पहिल्या फेरीसाठी मी एकादशी किंवा द्वादशी सुचवेन. भरती सकाळी भरत असते, पाणी उतरू लागताना आपण निघतो, आणि खांबांचे पाय, गाळाचे काठ, नळांचे आधार एकेक करून उघडे पडत असताना परत येतो. मात्र पूर्ण सुकतीपर्यंत, म्हणजे पाणी पुरते उतरेपर्यंत, पलीकडे रेंगाळू नये. मोरा बंदरात गाळ इतका साचतो की ओहोटीच्या वेळी लाँच अडकतात किंवा फेऱ्या थांबवाव्या लागतात.

सोबत दुर्बीण, होकायंत्र, टोपी, पाणी आणि वही असावी. शक्य असल्यास देहरादूनच्या राष्ट्रीय जलआलेखन कार्यालयाचा मुंबई बंदराचा सागरी नकाशा जवळ ठेवावा. रस्त्यांच्या नकाशात निळा रंग म्हणजे रिकामी जागा असते. सागरी नकाशात त्याच निळ्या भागात खोलीचे आकडे, खडक, बोये (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा), पाण्याखालचे नळ आणि नांगर टाकण्यास मनाई असलेले पट्टे दाखवलेले असतात. हे मनाईचे पट्टे प्रथम शोधावेत. जिथे नांगर टाकू देत नाहीत, तिथे तळाशी जपण्यासारखे काहीतरी असते, आणि डोळ्यांना न दिसणारे जाळे ओळखण्याची याहून चांगली खूण मला आजवर सापडलेली नाही.

धक्क्यावर अर्धा तास आधी पोहोचावे. हा धक्का भाऊ अजिंक्य यांनी 19व्या शतकात बांधला, आणि त्यांच्याच नावाने तो आजही ओळखला जातो. धक्क्याच्या दगडावर शेवाळाची आणि कालवांची (दगडाला चिकटणाऱ्या शिंपल्यांची) जी काळसर पट्टी दिसते, तिची वरची कड कुठे आहे ते पाहून ठेवावे. पाणी नेहमी कुठपर्यंत चढते याचे ते मोजमाप आहे, आणि पुढे दिसणारा प्रत्येक खांब, प्रत्येक भिंत याच पट्टीने वाचता येते.

लाँच सुटली की पहिली काही मिनिटे उजवीकडे पाहावे. क्रॉस आयलंडच्या लहानशा बेटाच्या पलीकडे इंदिरा डॉकची भिंत आहे. 1914 साली अलेक्झांड्रा डॉक या नावाने सुरू झालेली ही गोदी म्हणजे दरवाजे असलेला एक प्रचंड हौद आहे. बाहेरचे पाणी ओहोटीने कित्येक फूट उतरले तरी दरवाज्यांमुळे आतले पाणी टिकून राहते आणि जहाजांचे तळ गाळाला लागत नाहीत. म्हणून सुकतीच्या वेळी भिंतीच्या बाहेर चिखल आणि आत, त्याहून बऱ्याच उंचीवर, तरंगणारी जहाजे असे दृश्य दिसते. सकाळचे ऊन या बाजूवर थेट पडते, त्यामुळे गोद्या सकाळी नीट दिसतात आणि ट्रॉम्ब्याची बाजू दुपारनंतर. याच किनाऱ्यावर 1880च्या प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना गाळाखाली खैराच्या झाडांचे बुडालेले जंगल सापडले होते. शहराची जमीन आणि समुद्र यांची पातळी पूर्वी आजच्यासारखी नव्हती, याचा तो पुरावा आहे.

यानंतर डाव्या बाजूला बसून राहावे, कारण या प्रवासाचा गाभा तिकडे आहे. उत्तरेला शिवडीपासून निघालेला अटल सेतू दिसतो. 12 जानेवारी 2024 रोजी खुला झालेल्या या 21.8 किलोमीटरांच्या पुलाचे सुमारे साडेसोळा किलोमीटर पाण्यावर आहेत. खांबांमधली अंतरे डोळ्यांनी मोजावीत. ती सर्वत्र सारखी नाहीत. काही ठिकाणी काँक्रीटऐवजी पोलादी तुळया वापरून लांब गाळे (दोन खांबांमधल्या मोकळ्या जागा) ठेवले आहेत, त्यांतला सर्वांत लांब 180 मीटरांचा आहे. लांब गाळा दिसला की तिथे खालून काहीतरी जात असले पाहिजे असे समजावे: जहाजांचा मार्ग, नाहीतर तळाचे नळ. गाडीतून जाणाऱ्याला हे कळत नाही, आणि ट्रॉम्ब्याजवळच्या पट्ट्यात तर त्याच्या नजरेआड पडदेच उभारले आहेत.

पुलाच्या मागे ट्रॉम्ब्याच्या टेकडीच्या पायथ्याशी धुरांडी, तेलाच्या टाक्या आणि पाण्यात दूरवर शिरलेला पीर पाव जेट्टीचा दांडा दिसतो. त्याच्या अलीकडे, लाँचच्या वाटेपासून फार दूर नसलेले सपाट बेट म्हणजे जवाहर द्वीप, जुन्या नावाने बुचर आयलंड. माहुलचे दोन तेलशुद्धीकरण कारखाने 1954 आणि 1955 साली सुरू झाले, आणि त्यांना लागणारे तेल घेऊन येणारी मोठी जहाजे किनाऱ्यापर्यंत येऊ शकत नव्हती, कारण किनाऱ्याजवळ खोली नाही. म्हणून जहाज बेटाला लागते आणि तेल समुद्रतळाच्या नळांतून शहराकडे जाते. बेटाला लागलेल्या जहाजाच्या पोटाचा तांबडा पट्टा पाहावा: तो पाण्याखाली असेल तर जहाज भरलेले आहे आणि पुष्कळ वर आलेला असेल तर रिकामे होत आले आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात आणि तेच जहाज दोन माणसांच्या उंचीइतके वर उचललेले दिसले, तर मधल्या काळात पाण्याखालून किती तेल वाहून गेले याची कल्पना येते. ट्रॉम्ब्याचे वीजकेंद्र किनाऱ्यावर असण्याचे कारणही असेच साधे आहे. त्याचा कोळसा बार्जमधून येतो आणि यंत्रे थंड ठेवायला समुद्राचे पाणी वापरले जाते.

मध्यावर आल्यावर बोये शोधावेत. समुद्राकडून बंदरात शिरणाऱ्या जहाजाच्या डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरवे बोये असतात, आणि त्या दोन रांगांच्या मध्ये खोदलेला खोल मार्ग असतो. हा मार्ग म्हणजे शहराचा सर्वांत रुंद आणि सर्वांत अदृश्य रस्ता आहे, आणि तो गाळाने सतत भरत असल्याने सतत उपसावा लागतो. बोया तिरका झुकलेला असेल तर तो ज्या दिशेला झुकतो त्या दिशेला पाणी ओढत आहे. तक्त्यात पाहिलेली ओहोटी येथे प्रत्यक्ष पडताळता येते.

पुढे घारापुरीचे बेट लागते. समोर मुंबईचा झगमगाट रोज पाहणाऱ्या या बेटावरच्या गावांना विजेचा कायमचा पुरवठा 2018 साली, समुद्राखालून केबल टाकल्यानंतर मिळाला. तोपर्यंत तेथे काही तास चालणाऱ्या जनरेटरवर भागवावे लागे. शहराच्या सोयी किती अंतरावर संपतात हे मोजायचे असेल, तर या काही किलोमीटरांच्या पाण्याकडे पाहावे. बेटाच्या मागे न्हावाशेव्याच्या क्रेन दिसतात. जुन्या गोद्यांना वाढायला जागा उरली नव्हती म्हणून उभारलेले हे बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले. क्रेनचा दांडा आडवा पाण्यावर आला असेल तर खाली काम चालू आहे, आकाशाकडे उचललेला असेल तर ती मोकळी आहे. उतरल्यावर मोरा बंदरातून उरण गावाकडे जावे, कारण मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचे तेल आणि वायू समुद्रतळाच्या नळांतून उरणला जमिनीवर येतात, आणि बोकडविऱ्याचे वीजकेंद्र त्याच वायूवर चालते.

काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. नौदलाच्या गोदीची, जवाहर द्वीपाची आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या बाजूची छायाचित्रे घेऊ नयेत आणि ड्रोन तर आणूच नये. प्रतिबंधित जागांना शासकीय गुपिते अधिनियम, 1923 लागू होतो. वहीत लिहावे, रेखाटन करावे, तेवढे पुरते. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीच्या अपघातात लोकांचे जीव याच पाण्यात गेले, म्हणून लाइफ जॅकेट अंगावर घालून बसावे आणि उन्हाची सबब सांगू नये. सारंगाला लाँच चालवताना प्रश्न विचारू नयेत. धक्क्याला लागल्यावर विचारल्यास खलाशी पुष्कळ सांगतात, आणि त्यांना गाळाची खबर नकाशाहून ताजी असते. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ जातानाच विचारून ठेवावी. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात, आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात.

पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचे जाळे या फेरीत फारसे दिसत नाही, त्यासाठी खाडीत जावे लागते. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या आणि तेही ओहोटी असेल अशा हिशेबाने बांधलेल्या होत्या. बहुतेकांची मुखे भरतीच्या पातळीखाली असल्याने भरतीला पाणी बाहेर पडण्याऐवजी आत ढकलले जाते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रुझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा याची किंमत शहराने मोजली. पुढे हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथे जे पंप बसले, ते भरतीच्या वेळी दरवाजे बंद करून पाणी समुद्रात उपसून टाकण्यासाठी. हे समजून घेण्यासाठी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी पाहायला निघणारी बोट घ्यावी. तिच्याही वेळा भरतीवर ठरतात. सगळे प्रवासी पक्ष्यांकडे पाहत असताना तुम्ही कांदळवनातून उघडणाऱ्या नाल्यांच्या मुखांकडे आणि खाडीतच पाय रोवून उभ्या असलेल्या वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांकडे पाहा. मनोऱ्याच्या पायावर कालवांची कड जिथे संपते ती उंची आणि नाल्याच्या मुखाची उंची यांची तुलना करून ती वहीत तारीख, तिथी आणि वेळेसह लिहावी. कड मुखाच्या वर असेल, तर त्या नाल्याच्या काठच्या वस्तीत पावसाळ्यातल्या उधाणाला पाणी का तुंबते, हे त्या एका नोंदीवरून कळते.