लिनियर प्रोग्रामिंगने खर्च कमी करताय? या चुका टाळा

लिनियर प्रोग्रामिंग म्हणजे सरळ रेषेतल्या अटी पाळून खर्चासारखी एखादी रक्कम कमीत कमी किंवा जास्तीत जास्त करण्याचं गणित. खर्च कमीत कमी करायचा म्हणून ते मांडलं, सॉल्व्हर (हे गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) चालवला आणि उत्तर आलं शून्य. काहीच घेऊ नका, खर्चही शून्य. सॉल्व्हर बिघडलेला नसतो. त्याला जे विचारलं त्याचं ते अगदी बरोबर उत्तर असतं, कारण काहीही न करण्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. म्हणून विचित्र उत्तर आलं की मी आधी उत्तर नाही, माझीच मांडणी तपासतो. उत्तराच्या विचित्रपणावरूनच बहुतेक वेळा कळतं की काय लिहायचं राहिलं.

एक छोटं उदाहरण घेऊ. दोन घटकांचं मिश्रण करायचंय, पहिला क्ष किलो आणि दुसरा य किलो. प्रथिनं किमान १० एकक हवीत, खनिजं किमान ११ एकक.

खर्च = ४क्ष + ३य
२क्ष + य ≥ १०
क्ष + २य ≥ ११
क्ष, य ≥ ०

उत्तर क्ष = ३, य = ४ आणि खर्च २४.

शून्य येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ‘किमान’ हा शब्द. खर्च किमान करायचा असतो आणि अटीतही ‘किमान १०’ असतं. घाईत मनात ‘कमी’ एवढंच राहतं आणि ≥ च्या जागी ≤ पडतं. पायथॉन वापरणाऱ्यांची चूक जरा वेगळी असते. सायपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीमधलं लिनप्रॉग हे फंक्शन असमानतेच्या अटी ≤ याच रूपात घेतं, त्यामुळे अट उणे एकने गुणावी लागते. डावी बाजू गुणली जाते, उजवी विसरते. मग −२क्ष − य ≤ १० अशी अट तयार होते, जी कुठल्याही धन क्ष-य ला खरीच असते. म्हणजे अट असून नसल्यासारखी. एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये ‘मिन’ निवडलंय का आणि चलं ऋण होऊ नयेत यासाठीची खूण केलीय का, एवढं बघा. पद्धत ‘सिम्प्लेक्स एलपी’ ठेवा.

शून्य उत्तर निदान ओरडून तरी सांगतं. टक्केवारीची चूक गप्प बसते, म्हणून ती जास्त वाईट. समजा वरच्या मिश्रणात पहिला घटक निम्मा तरी हवा. पुष्कळ जण लिहितात क्ष ≥ ०.५य. पण निम्मा कशाचा? एकूण मिश्रणाचा. म्हणजे क्ष ≥ ०.५(क्ष + य), सोपं करून क्ष ≥ य. चुकीच्या अटीत ३ आणि ४ हे जुनं उत्तर आरामात बसतं, खर्च २४ च राहतो आणि कुणाला संशय येत नाही. बरोबर अटीने दोन्ही घटक ३.६७ किलो येतात, खर्च सुमारे २५.६७ होतो. उपाय साधा आहे: आलेलं उत्तर मूळ वाक्यात घालून बघा, समीकरणात नव्हे. ३ भागिले ७ म्हणजे ४३ टक्के, निम्मं नाही. चूक तिथल्या तिथे सापडते. आलेख काढणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवावं: क्ष = य ही रेषा आरंभबिंदूतूनच जाते, त्यामुळे (०, ०) घालून बाजू ठरवता येत नाही. या रेषेवर नसलेला दुसरा कुठलाही बिंदू घ्या.

आलेखातच आणखी एक गैरसमज. सगळ्या अटी पाळणाऱ्या बिंदूंचा प्रदेश वर मोकळा सुटलेला दिसला की ‘किमान मूल्य नाही’ असं लिहून मोकळं व्हायचं. वर जाताना खर्च वाढतो, म्हणून तो मोकळेपणा इथे आड येत नाही. शंका असेल तर ४क्ष + ३य = २४ ही रेषा काढा आणि तिच्या खालच्या बाजूला प्रदेशाचा एखादा बिंदू उरतो का ते बघा. उरत नाही, म्हणजे २४ पक्कं.

अटी बरोबर असूनही उत्तर हास्यास्पद येऊ शकतं, हे खुद्द जॉर्ज डॅन्झिग यांनी अनुभवलं. असे प्रश्न सोडवण्याची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ मध्ये मांडणारे हेच. वजन कमी करण्यासाठी त्यांनी स्वतःचा आहार याच गणिताने ठरवायला घेतला. पोट जास्तीत जास्त भरल्यासारखं वाटावं म्हणून अन्नाच्या वजनातून पाणी वजा करून ते कमाल करायचं ठरलं. पहिल्या उत्तरात ५०० गॅलन व्हिनेगर आलं, कारण माहितीत व्हिनेगरमधलं पाणी शून्य धरलेलं होतं. ते काढलं तर रोज सुपाच्या २०० वड्या! मग वड्यांवर रोजची मर्यादा घालावी लागली. माणसाला जे सांगावं लागत नाही, ते इथे अट म्हणून लिहावं लागतं.

उलट बाजूही आहे. बरीच चलं शून्य आली म्हणून घाबरू नका. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांच्या १९४५ च्या आहार-प्रश्नात, म्हणजे पोषणाच्या गरजा भागवणारा सर्वांत स्वस्त आहार शोधताना, ७७ पदार्थ आणि ९ पोषक घटक होते. इतक्या पदार्थांमधून उत्तरात मोजकेच उरले, आणि ते स्वाभाविक आहे. प्रदेशाच्या कोपऱ्यावरच्या उत्तरात जितक्या अटी, फार तर तितकीच चलं शून्याहून मोठी असतात. विविधता हवी असेल तर तीही अट म्हणून लिहा.

अपूर्णांकाचं काय करायचं? आलेलं उत्तर नुसतं जवळच्या पूर्णांकात बदलून टाकू नका. ३४ टन माल न्यायचाय. मोठी गाडी १० टन नेते, खर्च १०. छोटी ४ टन नेते, खर्च ५. उत्तर येतं ३.४ मोठ्या गाड्या. खाली उतरवलं तर माल उरतो, वर चढवलं तर ४ गाड्या, खर्च ४०. पण ३ मोठ्या आणि १ छोटी यांत बरोबर ३४ टन मावतात आणि खर्च ३५ च. सॉल्व्हरला चलं पूर्णांक असल्याचं आधीच सांगा.

‘इनफीजिबल’, म्हणजे सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारं उत्तरच नाही, असं आलं तर एकेक अट तात्पुरती काढून पुन्हा चालवा. जी काढल्यावर उत्तर येतं, तिथून शोध सुरू करा. अर्ध्या वेळा एकाच तक्त्यात ग्रॅम आणि किलो मिसळलेले सापडतात.

शेवटी शॅडो प्राइस, म्हणजे अटीतली गरज एका एककाने बदलली तर खर्च किती बदलतो तो दर. आपल्या उदाहरणात प्रथिनांच्या अटीची ती १.६७ आहे, म्हणजे १० ऐवजी ९ एकक चालले तर खर्च २४ वरून २२.३३ वर येतो. यावरून लगेच ‘दहाही काढले तर १६.६७ वाचतील’ असा हिशोब करू नका. हा दर गरज ५.५ ते २२ एककांच्या दरम्यान असेपर्यंतच टिकतो. ५.५ च्या खाली गेलात की खनिजांच्या अटीसाठी दुसरा घटक ५.५ किलो घ्यावाच लागतो आणि खर्च १६.५ वर थांबतो.