लोकसंख्येचे आकडे वाचताना या चुका टाळा

मुंबईतल्या महाविद्यालयांत लोकसंख्या भूगोलाचे जे प्रकल्प लिहिले जातात, त्यांतले आकडे बहुधा बरोबर असतात, कारण ते जनगणनेतून जसेच्या तसे उतरवलेले असतात. घोटाळा होतो तो त्यांवरून निष्कर्ष काढताना. या घोटाळ्याचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. टक्केवारी किंवा गुणोत्तर कोणत्या लोकसंख्येला भागून काढले आहे, म्हणजे छेदात कोण धरले आहे आणि कोण वगळले आहे, हे पाहिलेलेच नसते.

सर्वांत सोपे उदाहरण साक्षरतेचे आहे. २०११ मध्ये भारताची लोकसंख्या १२१.०९ कोटी होती आणि त्यांपैकी सुमारे ७६.३६ कोटी साक्षर होते. कॅल्क्युलेटरवर भागाकार केला की ६३ टक्के येतात आणि पुस्तकात तर ७३ टक्के छापलेले असतात. पुस्तक बरोबर आहे, कारण साक्षरता दर सात वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या संख्येवर काढतात आणि त्याखालची सुमारे १६.४५ कोटी मुले आधी वजा करावी लागतात. १९५१, १९६१ आणि १९७१ चे दर मात्र पाच वर्षे व त्यावरील लोकसंख्येचे आहेत. ते आणि नंतरचे दर एकाच आलेखात जोडायचे असतील, तर खाली तशी टीप द्यावी.

दरांची सरासरी काढू नका

मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३,३८,०३१ होती, ती २०११ मध्ये ३०,८५,४११ झाली, म्हणजे ७.५७ टक्के घट. त्याच दशकात उपनगर जिल्हा ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२ वर गेला, म्हणजे ८.२९ टक्के वाढ. बृहन्मुंबईचा दर विचारला की पुष्कळ जण या दोहोंची सरासरी काढून ०.३६ टक्के लिहून मोकळे होतात. उपनगराची लोकसंख्या शहराच्या अडीचपटीहून अधिक असल्यामुळे दोन्ही जिल्ह्यांची बेरीज करूनच भागाकार करायला हवा. तो केला की ३.८७ टक्के येतात.

शहरातली घट कुटुंबनियोजनाच्या खात्यावर जमा करणे ही त्याहून मोठी चूक आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जागी टॉवर आणि ऑफिसे आली आणि चाळींतली अनेक कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. २००१ ते २०११ या काळात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला, तो उगीच नाही. मात्र हा जुना ठाणे जिल्हा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर त्यातून वेगळा झाला, त्यामुळे आजच्या ठाण्याशी त्याची थेट तुलना करता येत नाही.

लिंग गुणोत्तर आणि चाकरमानी

२०११ मध्ये मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया होत्या, तर रत्नागिरीत ११२२. यावरून रत्नागिरीत स्त्रियांचा मान मोठा आणि मुंबईत मुली नकोशा, असे सर्रास लिहिले जाते. वास्तविक हे दोन आकडे पुष्कळदा एकाच कुटुंबाचे दोन तुकडे असतात: चाकरमानी मुंबईत मोजला जातो आणि त्याची बायको व आईवडील गावी मोजले जातात. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून एकटेच येणारे पुरुष मुंबईचे गुणोत्तर आणखी खाली ओढतात. स्थलांतर पुरुषांचे असेल, तर एकूण लिंग गुणोत्तर आधी त्या स्थलांतराविषयी बोलते. गर्भलिंगनिदानाचा संशय तपासायचा असेल, तर शून्य ते सहा वयोगटाचे बाल लिंग गुणोत्तर काढावे लागते. त्यात मुंबई शहर ९१४ वर आहे. बीड जिल्ह्याचे एकूण गुणोत्तर ९१६, म्हणजे मुंबईपेक्षा कितीतरी बरे, पण तिथले बाल लिंग गुणोत्तर होते ८०७. खरी चिंता कुठे करायला हवी होती, हे एकूण आकडा पाहून कधीच कळले नसते.

कोण ‘कामगार’ आणि कोण नाही

मनुष्यबळाच्या प्रकरणात सर्वाधिक गोंधळ बेरोजगारीच्या दराचा होतो. २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात नेहमीच्या स्थितीनुसार (म्हणजे मागच्या वर्षभरातले काम धरून) पंधरा वर्षांवरील व्यक्तींचा बेरोजगारी दर ३.२ टक्के आहे. याचा अर्थ ९६.८ टक्के लोकांना काम आहे असा नव्हे. हा दर श्रमशक्तीवर, म्हणजे काम करणाऱ्या आणि काम शोधणाऱ्या व्यक्तींच्या संख्येवर काढलेला असतो. शोधून थकलेला आणि घरी बसलेला पदवीधर त्या छेदातच नसतो. शिवाय काम करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक जण स्वयंरोजगारात मोडतात आणि घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावणारेही त्यांतच धरले जातात.

जनगणनेचा कार्यसहभाग दर, म्हणजे लोकसंख्येत काम करणाऱ्यांचा वाटा, वेगळा: तिथे छेदात तान्ह्या बाळापासून सर्व लोकसंख्या येते, म्हणून तो ३९.८ टक्के इतकाच दिसतो. हे दोन दर शेजारी मांडून रोजगार वाढला किंवा घटला असे म्हणणे निरर्थक आहे. स्त्रियांच्या बाबतीत नोंदीचीही अडचण येते. मालाडच्या एखाद्या वस्तीत बाई दिवसभर इमिटेशन दागिन्यांवर खडे चिकटवते, नगावर पैसे घेते, आणि प्रगणक दारात आला की घरातला पुरुष परस्पर सांगतो, ‘ती काही करत नाही, घरीच असते.’ व्याख्येनुसार ती कामगार आहे. तक्त्यात ती नसते. म्हणून स्त्रियांचा कमी कार्यसहभाग मांडताना न नोंदलेल्या कामाचा उल्लेख करणे आवश्यक आहे, आणि माझ्या मते परीक्षकाने त्याला गुणही द्यायला हवेत.

जननदराविषयी थोडक्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारताचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, २.० आणि महाराष्ट्राचा १.७ आला. २.१ या प्रतिस्थापन पातळीखाली (जिथे एक पिढी आपली जागा भरून निघण्याइतकीच मुले जन्माला घालते) गेल्यावर लोकसंख्या लगेच घटू लागते, ही समजूत चुकीची आहे, कारण प्रजननक्षम वयातल्या तरुणांची संख्याच मोठी असते.

शेवटी सालांचा आणि आवृत्तीचा घोळ. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, तोवर २०११ चे आकडे ‘सध्याचे’ म्हणून देऊ नयेत. भारताचे लिंग गुणोत्तर ९४० आणि ९४३ हे दोन्ही आकडे २०११ चेच आहेत. पहिला तात्पुरता, दुसरा अंतिम. एका तक्त्यात दोन्ही मिसळू नयेत आणि प्रत्येक रकान्यावर आकडा तात्पुरता की अंतिम ते लिहावे.